चिनी भाषेत ‘तीन वेळा’ कसं म्हणायचं?

वाचकाचं पत्र

मी चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दीडएक वर्षापासून संध्याकाळच्या वर्गात चिनी शिकते आहे. आमच्याकडची मशिन्स चीनमधून येतात आणि ती बसवायला तिकडचे इंजिनिअर येतात, त्यामुळे बोलायची संधी मिळते. पण ‘इतक्या वेळा’ म्हणायचं आलं की माझं हमखास चुकतं. मॅन्युअल तीन वेळा वाचलं हे मी ‘वो सान त्स खान ल श्वोमिंगशू’ असं लिहिलं. इंजिनिअरांनी ते दुरुस्त करून ‘खान ल सान प्येन’ केलं. म्हणून नंतर गोदामात तीनदा जाऊन आले हे सांगताना मी ‘सान प्येन’ लिहिलं, तर म्हणाले, इथे ‘थांग’ हवं. ‘आम्ही दोनदा भेटलो’साठी लिहिलेलं ‘च्येनम्येन ल्यांग त्स’ही चूकच निघालं. पुस्तकातली या शब्दांची यादी पाठ आहे, पण ऐनवेळी कुठला घ्यायचा ते सुचत नाही. सगळीकडे ‘त्स’ वापरून भागणार नाही का?

— एक वाचक, चाकण

उत्तर

नमस्कार,

‘त्स’ने भागेल का, याचं उत्तर आधी देते. बऱ्याच ठिकाणी भागेल. वाक्य व्याकरणात बसेल आणि समोरच्याला कळेलही. ‘गेल्या वेळी’ (शांग त्स), ‘पुढच्या वेळी’ (श्या त्स), ‘दर वेळी’ (मेइ त्स) इथे तर तोच मुख्य शब्द आहे. मशीन दिवसात तीनदा बंद पडलं तर ‘थिंग ल सान त्स’ हेच बरोबर. पण तुम्ही मेंटेनन्समध्ये आहात. एखादी गोष्ट तपासली म्हणजे नुसती नजर टाकली की पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली, हा फरक तुमच्या कामात मोठा आहे, आणि चिनी भाषा तो याच छोट्या शब्दांतून सांगते. म्हणून ‘त्स’वर थांबू नका असंच मी सांगेन.

यादी पाठ करूनही ऐनवेळी सुचत नाही, कारण यादीत प्रत्येक शब्दापुढे एकच अर्थ छापलेला असतो: ‘वेळा’. सगळ्यांचा अर्थ एकच असेल तर निवडणार कशावरून? तेव्हा ‘वेळा’ हा शब्द डोक्यातून काढून टाका आणि त्या जागी एक प्रश्न ठेवा: या क्रियेतलं ‘एक’ कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं? त्याचं उत्तर मिळालं की शब्द बहुतेक आपोआप मिळतो.

तुमचं मॅन्युअल घ्या. वाचण्यातलं ‘एक’ पहिल्या पानावर सुरू होतं आणि शेवटच्या पानावर संपतं. असं आरंभापासून अखेरपर्यंतचं एक आवर्तन म्हणजे प्येन. आपण पोथीचं पारायण म्हणतो तेव्हा हेच मोजत असतो. अर्धी पोथी वाचून उठलं तर पारायण झालं असं कुणी म्हणत नाही. सिनेमा दोनदा लावला आणि दोन्हीदा मध्येच उठलात, तर ते ‘ल्यांग त्स’. दोन्हीदा पूर्ण पाहिलात, तर ‘ल्यांग प्येन’ म्हणायचा हक्क मिळतो. ‘छिंग त्साइ श्वो ई प्येन’, म्हणजे ‘कृपया पुन्हा सांगा’, हे वाक्य तुम्ही पहिल्याच महिन्यात शिकला असाल. तिथे प्येन का आहे ते आता दिसेल: आत्ता बोललात ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगा, अशी ती विनंती आहे.

आता कारखान्यातलंच उदाहरण. ‘च्येनछा’ म्हणजे तपासणं. इंजिनिअर ‘च्येनछा ई श्या’ म्हणाले, तर जरा बघून घ्या. ‘च्येनछा ई प्येन’ म्हणाले, तर पहिल्या मुद्द्यापासून शेवटच्या मुद्द्यापर्यंत सगळं क्रमाने तपासा. क्रियापद तेच आणि आकडाही तोच, पण काम पाच मिनिटांचं की तासाभराचं हे त्या शेवटच्या शब्दावर ठरतं. तुम्ही केलेल्या तपासणीबद्दल सांगतानाही हाच फरक पाळा. अर्धीच झाली असेल तर प्येन म्हणू नका. ऐकणारा ती पुरी झाली असं धरून चालेल.

गोदामाच्या बाबतीत ‘एक’ म्हणजे एक खेप: इथून निघून तिथे पोचणं आणि परत येणं. त्यासाठी थांग. ‘छ्यू ल सान थांग त्सांगखू’, गोदामात तीन खेपा झाल्या. ‘नी लाइ ई थांग’ म्हणजे एकदा येऊन जा. हेलपाट्यालाही हाच शब्द लागतो: ‘पाइ फाओ ल ई थांग’, फुकट पळालो. रेल्वेची गाडीही थांगने मोजतात, कारण ती ठरलेल्या मार्गाने खेप करते.

थांगमध्ये परतणं किती मुरलेलं आहे, हे एका उदाहरणावरून कळेल. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. जपानविरुद्धच्या युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करत ते तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले. चिनी लोक त्यांना ख तीह्वा म्हणतात आणि शच्याच्वांग शहरात त्यांची समाधी आहे. त्यांच्या त्या प्रवासाला ‘ई थांग’ म्हणता येत नाही. ते चीनला गेले, एवढंच म्हणायचं; थांग लावला तर जाऊन परत आले असं ऐकू येतं.

श्या हा शब्द तुम्हाला दोन ठिकाणी भेटेल आणि दोन्ही कामं वेगळी आहेत. एक काम क्षणात होणाऱ्या क्रिया मोजण्याचं. दार ठोठावणं, हातोडी मारणं, बटण दाबणं यांतलं ‘एक’ सुरू होताच संपतं. ‘आन सान श्या’ म्हणजे बटण लागोपाठ तीनदा दाबा. तिथे ‘सान त्स’ म्हटलंत तर तीन वेगवेगळ्या प्रसंगी दाबायचं असाही अर्थ निघू शकतो, आणि मशीनच्या पॅनेलसमोर अशी शंका नको.

दुसरं काम विनंती हलकी करण्याचं. ‘तंग ई श्या’, जरा थांबा. ‘श्र ई श्या’, जरा करून बघा. इथे कुणी काही मोजत नाही, म्हणून या अर्थाने ‘ई’च्या जागी दुसरा आकडा येत नाही. इथे त्सही चालत नाही. ‘तंग ई त्स’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला ‘एकदा वाट बघा’ असं काहीतरी विचित्र ऐकू येईल.

बाकीचे थोडक्यात सांगते. तुन हा जेवणं मोजतो, आणि बोलणी व मारसुद्धा: ‘मा ल ई तुन’, चांगलं झाडलं. अशा प्रसंगी सुरू झालेलं बोलणं बोलणाऱ्याचं समाधान होईपर्यंत थांबत नाही. ते सगळं मिळून एक तुन. छांग हा आपल्या वेगाने येऊन ओसरणाऱ्या गोष्टींसाठी: पाऊस, मोठं आजारपण, पोटभर रडणं. चीनमधल्या प्रमाण उच्चारात या अर्थाने त्याचा सूर (आवाजाचा चढ-उतार; चिनीत असे चार सूर आहेत) दुसरा असतो. सामना किंवा सिनेमाचा खेळ मोजताना तोच शब्द तिसऱ्या सुरात जातो. ह्वेइ हा बोलण्यातला, घरगुती शब्द असून अर्थाने त्सच्या जवळचा आहे. ‘ई ह्वेइ शंग, अर ह्वेइ शू’ ही म्हण तुमच्या सहकाऱ्यांकडून ऐकायला मिळेलच: पहिल्या भेटीत परके, दुसऱ्या भेटीत ओळखीचे.

एक गट मात्र मराठी माणसाला सोपा जावा. आपण एक लाथ मारली, एक हाक मारली, एक नजर टाकली, एक घास घेतला असं म्हणतो. चिनीत अशा वेळी अवयव किंवा आवाजच मापाच्या, म्हणजे ‘वेळा’ मोजणाऱ्या शब्दाच्या, जागी येऊन बसतो. ‘थी ई च्याओ’ म्हणजे पायाने एक लाथ, ‘हान ई शंग’ म्हणजे एक हाक, ‘याओ ई खौ’ म्हणजे तोंडाने एक लचका, ‘खान ल था ई येन’ म्हणजे त्याच्याकडे एक नजर टाकली. हे पाठ करायची गरज नाही. क्रिया कशाने झाली ते बघायचं आणि तो शब्द घ्यायचा. हाच आकडा आणि माप क्रियापदाच्या आधी आणलं की एका झटक्यात झाल्याचा भाव येतो. ‘ई च्याओ थी खाइ’ म्हणजे एका लाथेत दार उघडलं. ‘ई खौ ह वान’ म्हणजे एका घोटात संपवलं.

आता तुमच्या पहिल्या वाक्यातल्या चुकीकडे येते. मराठीत ‘मी तीन वेळा वाचलं’ असा आकडा क्रियापदाच्या आधी येतो. तीच घडी घेऊन तुम्ही ‘सान त्स खान ल’ लिहिलंत. रोजच्या चिनीत झालेल्या क्रियेची मोजदाद क्रियापदानंतर येते. आधी ‘खान’, मग झाल्याची खूण ‘ल’ किंवा अनुभवाची खूण ‘क्वो’, आणि मग ‘सान प्येन’. ज्या मॅन्युअलबद्दल बोलत आहात ते ऐकणाऱ्याला ठाऊक असेल, तर ते सरळ वाक्याच्या सुरुवातीला न्या: ‘श्वोमिंगशू वो खान ल सान प्येन’. आपणही ‘ते मॅन्युअल ना, मी तीनदा वाचलंय’ असंच म्हणतो, म्हणून ही रचना तुमच्या जिभेवर लवकर बसेल.

कर्म क्रियापदानंतरच ठेवायचं असेल, तर ते कोणत्या प्रकारचं आहे यावर त्याची जागा ठरते. साधं नाम मापानंतर येतं: ‘खान ल ल्यांग त्स त्येनयिंग’, दोनदा सिनेमा पाहिला. सर्वनाम मापाच्या आधी येतं: ‘च्येन क्वो था ल्यांग त्स’, त्याला दोनदा भेटले आहे. ‘था’ शेवटी नेलंत तर वाक्य मोडतं. गावाचं किंवा माणसाचं नाव दोन्हीकडे चालतं: ‘छ्यू क्वो पेइचिंग सान त्स’ म्हणा किंवा ‘छ्यू क्वो सान त्स पेइचिंग’. सर्वनामाचा नियम सगळ्यात आधी पक्का करा, कारण ‘तंग वो ई श्या’, म्हणजे ‘माझ्यासाठी जरा थांबा’, असली वाक्यं दिवसभर लागतात.

आकडा पुढे येतो अशाही जागा आहेत. ‘पहिल्यांदाच’ म्हणायचं तर ‘ती ई त्स’ क्रियापदाच्या आधी. ‘एकदाही गेले नाही’ हे ‘ई त्स ये मेइ छ्यू क्वो’, म्हणजे इथेही आधी. शिवाय बातम्यांच्या आणि अहवालांच्या भाषेत ‘सान त्स’ क्रियापदाच्या आधी आलेलं तुम्हाला दिसेल: अमुक नेत्याने तीन वेळा भेट दिली, अमुक खेळाडूने तीन वेळा अजिंक्यपद मिळवलं. ती लेखी, औपचारिक शैली आहे आणि तिथे ते बरोबरच आहे. पण इंजिनिअरांना पाठवायच्या मेसेजमध्ये ती नको.

जुन्या म्हणींत तर बऱ्याचदा आकड्यामागे मापच नसतं, हेही तुमच्या लक्षात येईल. ‘पाइ वन पू रू ई च्येन’, शंभरदा ऐकण्यापेक्षा एकदा पाहणं बरं. हे उद्गार हान राजवटीतल्या चाओ छुंगक्वो या वयोवृद्ध सेनापतीचे आहेत. इ.स.पू. ६१ मध्ये सम्राटाने सरहद्दीवरच्या लढाईला किती सैन्य लागेल असं विचारलं, तेव्हा प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही असं तो म्हणाला. आजच्या चिनीत ‘पाहणं’ मोजताना क्रियापदामागे त्स नाहीतर येन लागलं असतं. त्याच्या काळी नुसता आकडा क्रियापदाला चिकटवला की काम व्हायचं. त्याहून जुनं उदाहरण कन्फ्यूशियसच्या वचनांत आहे. ची वन्त्स नावाचा एक अधिकारी तीनदा विचार करूनच काही करत असे. कन्फ्यूशियसच्या कानावर ते आलं तेव्हा तो म्हणाला, दोनदा पुरे. त्याने ‘दोनदा’ यासाठी वापरलेला शब्द ‘त्साइ’. आज तुम्ही तो ‘पुन्हा’ या अर्थाने रोज वापरता, पण त्या काळी त्याचा अर्थच ‘दोनदा’ होता. क्रिया मोजणारी मापं क्रियापदामागे रुळली ती बरीच नंतर, साधारण इसवी सनाच्या तिसऱ्या ते सहाव्या शतकांत. त्यामुळे म्हणींतली घडी बघून आपली वाक्यं रचू नका. म्हण आहे तशी पाठ करा, बोलायचं आजच्या नियमाने.

भेटण्याच्या वाक्याला वेगळंच दुखणं आहे. ‘च्येनम्येन’ दिसायला एक शब्द असला तरी आत दोन तुकडे आहेत: ‘च्येन’ भेटणं आणि ‘म्येन’ चेहरा. क्रियापदाचा तुकडा पहिला, कर्माचा दुसरा. म्हणजे आतमध्ये कर्म आधीच बसलेलं आहे, आणि साध्या नामाचा नियम वर सांगितला तोच: माप आधी, कर्म नंतर. म्हणून मापासाठी शब्द फोडावा लागतो: ‘च्येन क्वो ल्यांग त्स म्येन’. कुणाला भेटलात ते सांगायचं तर ‘कन’ लावून पुढे: ‘वो कन था च्येन क्वो ल्यांग त्स म्येन’.

अशी फुटणारी क्रियापदं चिनीत ढिगाने आहेत, आणि तुमच्या कामातली बरीचशी त्यांतलीच. ओव्हरटाइम करणं म्हणजे ‘च्यापान’; दोनदा केला तर ‘च्या ल ल्यांग त्स पान’. दौऱ्यावर जाणं म्हणजे ‘छूछाइ’. तीन दौरे झाले तर ‘छू ल सान थांग छाइ’, कारण दौरा ही खेपच. मदत करणं म्हणजे ‘पांगमांग’. ‘त्यांनी मला दोनदा मदत केली’ हे ‘थामन पांग ल वो ल्यांग त्स मांग’. शेवटच्या वाक्यात ‘वो’ कुठे बसला ते नीट पाहा: सर्वनामाचा नियम इथेही पाळला आहे. नवं दोन अक्षरी क्रियापद शिकलात की वहीत लिहितानाच ते फुटतं का ते बघा. चांगल्या शब्दकोशांत अशा क्रियापदांच्या रोमन रूपात मध्ये खूण किंवा मोकळी जागा ठेवलेली असते.

उच्चाराचंही सांगून ठेवते, कारण बोलताना तिथे अडखळायला होतं. त्स, प्येन, थांग, श्या, तुन हे पाचही चौथ्या सुराचे आहेत. चौथ्या सुरापुढे ‘ई’ आला की तो स्वतःचा पहिला सूर सोडून दुसऱ्या सुरात जातो, म्हणून या पाचांबरोबर ‘ई’ वर चढवून म्हणायचा. छांग, ह्वेइ, खौ, येन, शंग, च्याओ यांच्यापुढे तो चौथ्या सुरात उतरतो. ‘ती ई त्स’ यातला ‘ई’ मात्र क्रमवाचक असल्याने पहिल्याच सुरात राहतो. ‘दोन’साठी मापापुढे नेहमी ‘ल्यांग’. ‘अर’ येतो तो ‘दुसऱ्यांदा’ म्हणताना, ‘ती अर त्स’. आणि प्येन, तुन, पेइचिंग हे शब्द रोमनमध्ये ‘बी’ आणि ‘डी’ने लिहिलेले दिसले तरी ‘ब’ आणि ‘ड’ म्हणू नका. १९५८ पासून चालत आलेल्या त्या लेखनपद्धतीत ‘बी’ म्हणजे आपला ‘प’ आणि ‘डी’ म्हणजे आपला ‘त’. प आणि फ, त आणि थ हे भेद मराठी कानाला जन्मापासून ऐकू येतात. त्याचा पुरेपूर फायदा घ्या.

सरावासाठी यादी बाजूला ठेवा. रोज शिफ्ट संपल्यावर त्या दिवशी खरोखर केलेल्या चारपाच गोष्टी चिनीत लिहा: काय किती वेळा तपासलं, कुठे किती खेपा झाल्या, मशीन किती वेळा थांबलं, कुणाला काय पुन्हा सांगावं लागलं. क्रियापद आणि माप जोडीने लिहा, कारण ते जोडीनेच लक्षात राहतात. अडलंच तर त्स टाकून वाक्य पुरं करा आणि दुसऱ्या दिवशी इंजिनिअरांना विचारा, इथे त्सच हवं की दुसरं काही? ते तुमची वाक्यं आपणहून दुरुस्त करत आहेत, तेव्हा विचारायला संकोच करू नका.

ऑर्डरी आणि उत्पादनाचे आकडे तुमच्या नजरेखालून जात असतील, म्हणून फान या शब्दाबद्दलही सांगते. माप म्हणून तो कष्टाच्या, सविस्तर कामाला लागतो, जसा खोल विचार करणं. पण त्याच उच्चाराच्या क्रियापदाबरोबर आला की हिशेब बदलतो. ‘फान ई फान’ म्हणजे दुप्पट, आणि ‘फान ल्यांग फान’ म्हणजे दोनदा दुप्पट, म्हणजे चौपट. सप्टेंबर १९८२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या बाराव्या अधिवेशनात २००० सालापर्यंत शेती आणि उद्योगांचं एकूण वार्षिक उत्पादन ‘फान ल्यांग फान’ करायचं ठरलं, ते १९८०च्या चौपट. ‘ल्यांग’ दिसल्यामुळे घाईत दुप्पट असा अर्थ लावण्याची चूक सहज होते. ‘फान सान फान’ तर आठपट. तेव्हा हा शब्द कागदावर आला, तर जुना आकडा आणि नवा आकडा असे दोन्ही लिहून मागा.